पाऊण नॅनोमीटरचा चुंबक टिकतो कसा, आणि टोपोलॉजीशी त्याचं नातं काय

प्रश्न असा आहे: मर्मिन-वॅग्नर प्रमेय सांगतं की द्विमितीत चुंबकत्व टिकत नाही, मग क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर चुंबक कसा? हल्ली अशा पदार्थांवरच्या प्रत्येक पेपरात 'टोपोलॉजिकल' हा शब्द असतोच, तो खरंच कामाचा असतो की शोभेचा? आणि पीएच.डी.साठी यातला पदार्थ निवडायचा तर कोणता?

पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, ते म्हणजे जड अणूंमधलं स्पिन-ऑर्बिट कपलिंग. इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याचं अणूभोवतीचं फिरणं यांची ही सांगड. हलक्या अणूंत ती नगण्य असते, पण आयोडीन, टेल्युरियम, बिस्मथ, टंगस्टन यांच्यात दुर्लक्ष करता येणार नाही इतकी मोठी असते. ती चुंबकाला एक ठरावीक दिशा देते आणि बँडमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनला मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांमध्ये, गॅप (रिकामी फट) उघडते. चुंबक टिकतो पहिल्यामुळे, टोपोलॉजी येते दुसऱ्यामुळे. याला एक ठसठशीत अपवाद आहे. तो पुढे येईल, आणि माझ्या मते तोच सगळ्यात शिकवणारा आहे.

आधी प्रमेय. १९६६ चं हे प्रमेय जितकं उद्धृत होतं तितकं वाचलं जात नाही. त्याच्या अटी तीन: स्पिनला सगळ्या दिशा सारख्याच असायला हव्यात, परस्परक्रिया जवळच्या शेजाऱ्यांपुरत्या हव्यात आणि नमुना अमर्याद मोठा हवा. तिन्ही पाळल्या तर शून्य केल्व्हिनच्या वर कुठल्याही तापमानाला लांब पल्ल्याची चुंबकीय शिस्त राहत नाही. खऱ्या स्फटिकात पहिली अट जवळजवळ कधीच पाळली जात नाही. विरुद्ध टोकाला काय होतं ते ऑन्सागरने १९४४ मध्येच दाखवलं होतं: स्पिनला फक्त वर किंवा खाली एवढीच मुभा असेल, म्हणजे आयसिंग प्रकार असेल, तर द्विमितीतही ठरावीक तापमानाखाली चुंबकत्व छान टिकतं. मधला प्रकार स्पिन थराच्या पातळीतच (प्रतलातच) फिरू शकतात तो, एक्सवाय. तिथे बेरेझिन्स्की, कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांनी दाखवलेलं भोवऱ्यांचं संक्रमण येतं.

पण "अॅनिसोट्रॉपीमुळे, म्हणजे स्पिनला एखादी दिशा जास्त पसंत असल्यामुळे, चुंबक टिकतो" एवढं ऐकून समाधान मानू नका, कारण आकडे पाहिले की शंका यायला हवी. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा मॅग्नॉन गॅप, म्हणजे सगळ्यात स्वस्त स्पिन-लहर उठवायला लागणारी ऊर्जा, सुमारे ०.४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. एका थराचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व जातं ते, ४५ केल्व्हिन. त्या तापमानाची औष्णिक ऊर्जा ३.९ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, म्हणजे गॅपच्या दसपट. एवढ्याशा कुंपणाने एवढा पूर अडतो कसा?

पेन्सिल घेऊन बसा, पाच मिनिटांचं काम आहे. फेरोमॅग्नेटमध्ये, म्हणजे सगळे स्पिन एका दिशेला असलेल्या चुंबकात, लांब तरंगांच्या मॅग्नॉनची (स्पिन-लहरींची) ऊर्जा तरंगसंख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. द्विमितीत त्यामुळे अवस्थांची घनता ऊर्जेवर अवलंबूनच राहत नाही, सपाट असते. कमी ऊर्जेला बोस वितरण, म्हणजे दिलेल्या ऊर्जेचे मॅग्नॉन किती असतील ते सांगणारं सूत्र, तापमान भागिले ऊर्जा असं वागतं. दोन्हींचा गुणाकार करून शून्यापासून बेरीज केली की एक भागिले ऊर्जा याचं इंटिग्रल उरतं, आणि ते अनंत होतं. प्रमेयाचा गाभा एवढाच: कितीही थंड करा, मॅग्नॉन अगणित. पण अनंताकडे जायचा रस्ता लॉगॅरिथमचा आहे, आणि त्याच्याइतका आळशी रस्ता दुसरा नाही. खालची सीमा शून्याऐवजी गॅपपाशी ठेवली की उत्तर तापमान गुणिले लॉग, आणि लॉगच्या आत औष्णिक ऊर्जा भागिले गॅप. वरच्या आकड्यांना ते गुणोत्तर सुमारे १०, त्याचा नैसर्गिक लॉग २.३. गॅप दसपट लहान असता तरी ४.६, फक्त दुप्पट. म्हणून कुंपण बुटकं असलं तरी चालतं, ते असणं महत्त्वाचं. क्युरी तापमान किती उंच जाईल हे मुख्यतः शेजारी स्पिनमधली एक्स्चेंज, म्हणजे त्यांना एकमेकांशी जुळवणारी परस्परक्रिया, ठरवते. ते शून्यावर कोसळणार की नाही हे अॅनिसोट्रॉपी ठरवते.

याच लॉगमुळे तिसरी अटही व्यवहारात ढिली पडते. दहा मायक्रॉनच्या फ्लेकमध्ये (स्फटिकाच्या पातळ पापुद्र्यात) फ्लेकपेक्षा लांब तरंग मावत नाही, म्हणजे नमुन्याचा आकारसुद्धा एक छोटंसं कुंपण घालतो. २०२१ मध्ये ग्राफीनवर वाढवलेल्या क्रोमियम ट्रायक्लोराइडच्या एका थरात पातळीतले स्पिन असूनही सुमारे १३ केल्व्हिनखाली फेरोमॅग्नेटिझम दिसला. शुद्ध एक्सवाय प्रारूप अमर्याद नमुन्यात ती शिस्त देत नाही, पण प्रयोगशाळेतला नमुना अमर्याद नसतो.

आता हे कुंपण घालतो कोण? इथे क्रोमियमची तीन भावंडं शेजारी ठेवून बघावीत: क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड. तिन्हींत क्रोमियम तोच, मधमाशांच्या पोळ्यासारखी मांडणी तीच. क्रोमियमवर तीन इलेक्ट्रॉन, चुंबकीय आघूर्ण, म्हणजे अणूच्या चुंबकाची ताकद, सुमारे ३ बोर मॅग्नेटॉन. हे तीन इलेक्ट्रॉन खालच्या तीन ऑर्बिटलमध्ये एकेक बसतात, त्यामुळे ऑर्बिटल आघूर्ण, म्हणजे फिरण्यातून येणारा वाटा, जवळपास विझलेलं असतं. क्रोमियमला स्वतःला दिशेशी फारसं देणंघेणं नाही. दिशा येते हॅलोजनकडून. क्रोमियम-हॅलोजन-क्रोमियम हा कोन ९० अंशांच्या आसपास असतो आणि एक्स्चेंज हॅलोजनच्या मार्फत होते. हॅलोजन जड असेल तर त्याचं स्पिन-ऑर्बिट कपलिंग या व्यवहारात आपला शेरा मारून जातं. क्लोरीनचा अणुक्रमांक १७, ब्रोमीनचा ३५, आयोडीनचा ५३. क्लोराइडमध्ये स्पिन पातळीत आडवे पडतात, ब्रोमाइडमध्ये उभे राहतात पण मिळमिळीत, आयोडाइडमध्ये ठामपणे उभे. दिशा चुंबकीय अणू देत नाही, त्याचा जड शेजारी देतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. नवा पदार्थ दिसला की मी आधी त्यातला सगळ्यात जड अणू शोधतो.

थोडा इतिहास. २०१६ मध्ये लोह-फॉस्फरस-गंधकाच्या एका संयुगात, लोकांच्या तोंडी 'एफईपीएसथ्री', एका थरापर्यंत अँटीफेरोमॅग्नेटिझम (स्पिन एकमेकांच्या उलट, जोडीजोडीने कटणारे) टिकतो हे दाखवलं गेलं. तापमान जवळपास ११८ केल्व्हिन, आणि थर कमी केले तरी ते फारसं हलत नाही. ते काम रामन वर्णपटाने केलं होतं, कारण अँटीफेरोमॅग्नेटचं एकूण चुंबकन शून्य असतं आणि कर परिणामाला, म्हणजे चुंबकावरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवण वळण्याला, तिथे पकडायला काही नसतं. मग २०१७ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन पेपर आले: क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एक थर, आणि क्रोमियम जर्मेनियम टेल्युराइडचे दोन थर. पहिल्यात परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवण सुमारे ५ मिलिरेडियन वळतं, आणि चुंबकन उलटलं की तेवढंच उलट दिशेला. तीन अणूंच्या जाडीसाठी हा आकडा प्रचंड आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

त्याच पेपरातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एक थर फेरोमॅग्नेट. दोन थर घेतले तर वरचा उत्तर, खालचा दक्षिण, चुंबकन शून्य, सुमारे ०.६५ टेस्ला क्षेत्र लावल्यावर दोघे एका दिशेला उडी मारतात. तीन थरांना पुन्हा उरलेलं चुंबकन. आणि जाड स्फटिक मात्र पूर्ण फेरोमॅग्नेट, ६१ केल्व्हिनपर्यंत. मग दोन थरांना झालंय काय?

उत्तर रचनेत निघालं. जाड स्फटिक साधारण २१० ते २२० केल्व्हिनला थरांची घडी बदलतो: मोनोक्लिनिकमधून ऱ्हॉम्बोहीड्रलमध्ये जातो, म्हणजे थर एकमेकांवर किंचित सरकतात. पातळ फ्लेक हे सरकणं करतच नाही, खोलीच्या तापमानाची घडी घेऊनच गोठतो. एका घडीत थरांमधली एक्स्चेंज फेरो, दुसरीत अँटीफेरो. २०१९ मध्ये दोन गटांनी दाब देऊन पातळ थरांची घडी बदलली आणि अँटीफेरोचं फेरो झालं. दाब काढल्यावरही ते तसंच राहिलं. एका आंतरअणू अंतराचा छोटासा हिस्सा इकडे की तिकडे, एवढ्याने चुंबकाचा प्रकार बदलतो. थर मोजणं सगळ्यांना सुचतं, घडी तपासणं फार थोड्यांना.

रुथेनियम ट्रायक्लोराइडमध्येही हाच धडा वेगळ्या अंगाने मिळतो. किताएवच्या २००६ च्या स्पिन-द्रव प्रारूपाचा, ज्यात स्पिन कितीही थंड केले तरी शिस्तीत बसत नाहीत, हा लाडका उमेदवार. चांगला स्फटिक ७ केल्व्हिनच्या आसपास झिगझॅग शिस्तीत जातो. घडीत दोष असले की १४ केल्व्हिनपाशी दुसरं संक्रमण दिसतं. २०१८ मध्ये त्यात अर्ध-क्वांटाइज्ड औष्णिक हॉल परिणाम (आडव्या वाहणाऱ्या उष्णतेचं माप मूळ एककाच्या अर्ध्यावर थबकणं) नोंदवला गेला आणि त्यावर अजून वाद मिटलेला नाही, त्यात नमुन्यांच्या दर्जाचा वाटा मोठा आहे. कोणी या पदार्थाबद्दल सांगू लागलं की मी आधी विचारतो: तुमच्या उष्माधारितेच्या आलेखात १४ ला टेकाड आहे का?

आता टोपोलॉजी. कप आणि डोनटचं उदाहरण मी देणं सोडलंय; ऐकणाऱ्याला डोनट लक्षात राहतो, बँड नाही. असं बघा. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक संवेगाला एक तरंगफलन असतं, आणि त्याची फेज आपण आपल्या सोयीने निवडू शकतो. सगळ्या संवेगांवर ही निवड सलग, कुठेही तुटक न होता करता आली तर बँड साधा. काही बँडमध्ये ती करताच येत नाही. कुठेतरी गाठ पडतेच. गाठींची संख्या पूर्णांक असते, तिला चर्न अंक म्हणतात. १९८२ मध्ये थाउलेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हॉल वाहकता, म्हणजे व्होल्टेजला आडव्या वाहणाऱ्या प्रवाहाचं माप, हाच पूर्णांक मोजते. पूर्णांक हळूहळू बदलू शकत नाही. तो बदलायचा तर गॅप बंद होऊन पुन्हा उघडावा लागतो. नमुन्याच्या काठाबाहेर निर्वात आहे आणि त्याचा अंक शून्य, म्हणून काठावर गॅप बंद होणं भाग पडतं. काठाने वाहणारा, मागे न फिरणारा प्रवाह तिथून येतो.

१९८० मध्ये फॉन क्लिट्झिंगने हे प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पाहिलं, प्रतिरोध २५,८१२.८ ओहम. १९८८ मध्ये हॉल्डेनने कागदावर दाखवलं की एकूण बाहेरचं क्षेत्र शून्य असलं तरी चालतं, फक्त काळ उलटा केल्यावर दिसणारी सममिती मोडायला हवी. ती मोडण्याचा निसर्गातला सगळ्यात सरळ मार्ग चुंबकत्व. तुमचे दोन प्रश्न एकत्र येतात ते इथे: चुंबकत्व सममिती मोडतं, स्पिन-ऑर्बिट कपलिंग गॅप उघडतं, आणि दोन्ही एकाच पातळ थरात हवेत.

गॅप म्हटलं की पुन्हा जड अणू. २००५ मध्ये केन आणि मेले यांनी ग्राफीनसाठी क्वांटम स्पिन हॉल अवस्था मांडली, म्हणजे काठाने उलट स्पिनचे इलेक्ट्रॉन उलट दिशांना वाहतात ती. कल्पना सुंदर, पण कार्बनचा अणुक्रमांक ६, गॅप काही दशक मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. टंगस्टन डायटेल्युराइडच्या एका थरात तीच अवस्था २०१८ मध्ये १०० केल्व्हिनपर्यंत दिसली, तेही शंभरेक नॅनोमीटरच्या आखूड काठांवर. काठ लांब केला की क्वांटायझेशन ढळतं, हे सारांशात कोणी ठळक लिहीत नाही.

चुंबकासकटची गोष्ट, म्हणजे क्वांटम विसंगत हॉल परिणाम (बाहेरच्या क्षेत्राशिवाय, चुंबकत्वामुळे मिळणारी पूर्णांकी हॉल वाहकता), २०१३ मध्ये बीजिंगच्या त्सिंग्वा विद्यापीठातल्या श्वे चीकुन यांच्या गटाने मिळवली. बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या पातळ थरात क्रोमियम पेरलेलं होतं. तापमान ३० मिलिकेल्व्हिन. हा आकडा बोचायला हवा, कारण त्या थराचं क्युरी तापमान त्याहून शेकडो पटींनी वर होतं. मग इतकं खाली का जावं लागलं? पेरलेले अणू कुठेही पडतात. कुठे दाट, कुठे विरळ, म्हणून चुंबकीय गॅपही जागोजागी वेगळा. प्रवाह शोधतो तो सगळ्यात लहान गॅप. शंभर ठिकाणी कुंपण उंच असून एका ठिकाणी पडलेलं असेल तर गाय तिथूनच जाते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे चुंबकीय अणू पेरायचेच नाहीत, स्फटिकातच त्यांची जागा ठेवायची. मँगनीज बिस्मथ टेल्युराइड तेच करतं. सात अणूंचा एक थर: टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम, मध्ये मँगनीज, आणि पुन्हा टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम. थरात सगळे स्पिन एका बाजूला, पुढच्या थरात उलट, नील तापमान (अँटीफेरोमॅग्नेटसाठी क्युरी तापमानाचा जोडीदार) २५ केल्व्हिनच्या आसपास. थरांची संख्या विषम असेल तर एक थर बिनजोडीचा उरतो, वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाचे हॉल वाटे एकमेकांत मिळतात आणि चर्न अंक एक. सम असेल तर दोन्ही वाटे उलटे, हॉल वाहकता शून्य, आणि त्या अवस्थेला अॅक्सिऑन इन्सुलेटर म्हणतात. २०२० मध्ये पाच थरांत १.४ केल्व्हिनला, शून्य क्षेत्रात, जवळपास क्वांटाइज्ड हॉल प्रतिरोध मिळाला. त्याच वर्षी सहा थरांत क्षेत्र लावून अॅक्सिऑनमधून चर्न इन्सुलेटरमध्ये, म्हणजे चर्न अंक शून्य नसलेल्या अवस्थेत, जाता आलं. क्रोमियम ट्रायआयोडाइडमधला सम-विषमाचा खेळच हा, फक्त आता त्याने हॉल पठार चालू-बंद होतं.

आता अप्रिय भाग. २५ केल्व्हिनचा चुंबक आणि गणितात काही दशक मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅप असताना परिणाम १.४ केल्व्हिनलाच का? फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात काही गटांना पृष्ठभागावर गॅप दिसला, काहींना जवळजवळ बंदच दिसला. संशयित ठरलेले आहेत. मँगनीज आणि बिस्मथ एकमेकांच्या जागा घेतात, हा दोष या संयुगात इतका स्वस्त आहे की तो पूर्ण टाळता येत नाही. म्हणजे पेरणीतला गोंधळ दारातून घालवला आणि तो खिडकीतून आला. या विषयातल्या प्रगतीचा आलेख मला विचाराल तर तो नव्या पदार्थांचा कमी आणि दोष कमी करण्याचा जास्त आहे.

आता तो अपवाद. २०२० मध्येच १.१ अंशाच्या जवळपास पिळलेल्या दोन थरांच्या ग्राफीनमध्ये, बोरॉन नायट्राइडशी जुळवून, १.६ केल्व्हिनला क्वांटम विसंगत हॉल परिणाम मिळाला. ग्राफीनमध्ये एकही जड अणू नाही, चुंबकीय अणू तर नाहीच. मग? तिथे चुंबकत्व स्पिनचं नाही, इलेक्ट्रॉनच्या फिरण्याचं आहे. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉनला दोन दऱ्या, म्हणजे बसायला संवेगाच्या दोन वेगळ्या जागा, असतात, आणि परस्पर प्रतिकर्षणामुळे सगळे एका दरीत गोळा झाले की ऑर्बिटल आघूर्ण उरतं. पातळीत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचं आघूर्ण फक्त वर किंवा खालीच असू शकतं, आडवं होऊच शकत नाही. म्हणजे आयसिंग आपोआप. स्पिन-ऑर्बिट कपलिंगचं काम इथे भूमितीने करून टाकलं. गरज जड अणूची नसून दोनच पर्याय उरण्याची आहे, हे मला या प्रयोगाने शिकवलं. जड अणू हा ती गरज भागवायचा नेहमीचा मार्ग, एकमेव नव्हे.

त्या वाटेवर पुढे बरंच घडलं. २०२३ मध्ये पिळलेल्या मॉलिब्डेनम डायटेल्युराइडमध्ये शून्य क्षेत्रात अपूर्णांकी क्वांटम विसंगत हॉल अवस्था मिळाल्या, २०२४ मध्ये पाच थरांच्या ऱ्हॉम्बोहीड्रल ग्राफीनमध्ये. त्यांच्यावर वेगळं उत्तर लागेल.

'टोपोलॉजिकल' शब्दाबद्दल एक इशारा. तो इथे निदान तीन अर्थांनी वापरला जातो आणि लोक बिनदिक्कत एकातून दुसऱ्यात जातात. एक, वर सांगितलेला इलेक्ट्रॉन बँडचा. दोन, मॅग्नॉन बँडचा: क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या पोळ्यात मॅग्नॉनचेही डिरॅक बिंदू असतात, आणि २०१८ मध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनात तिथे सुमारे ४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅप दिसला. तो झालोशिन्स्की-मोरिया परस्परक्रियेमुळे (ही शेजारी स्पिनना एकमेकांशी तिरपं करू पाहते) की किताएव प्रकारच्या, यावर वाद आहे. तीन, प्रत्यक्ष जागेतल्या स्पिनच्या नक्षीचा, म्हणजे स्किर्मिऑन. लोह जर्मेनियम टेल्युराइडमध्ये असे बुडबुडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये दिसतात. पण त्याचा जाड स्फटिक मध्यबिंदू-सममित आहे, आणि ती सममिती असताना झालोशिन्स्की-मोरिया एकूण बेरजेत कटते. म्हणून पेपर वाचताना विचारा की सममिती कोणी मोडली: पृष्ठभागावरचा ऑक्साइड, शेजारचा थर, की जागेवर नसलेले लोहाचे अणू? याचं उत्तर पेपरात नसेल तर तिथे 'टोपोलॉजिकल' शोभेचा आहे.

आता पदार्थ निवडण्याकडे, आणि त्याआधी एक फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका थरदार टेल्युराइडचे पातळ फ्लेक स्क्विड मॅग्नेटोमीटरमध्ये, म्हणजे अख्ख्या नमुन्याचं चुंबकन मोजणाऱ्या अतिसंवेदनशील यंत्रात, घातले. ३०० केल्व्हिनला सुरेख हिस्टेरेसिस, म्हणजे फेरोमॅग्नेटची ओळख असलेला लूप. दोन रात्री कोणी झोपलं नाही, मसुद्याचं शीर्षकसुद्धा ठरलं. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने त्याच वेफरचा रिकामा तुकडा कापून मोजला. तोच लूप, जवळपास त्याच उंचीचा. वेफरच्या ज्या कडेला स्टीलचा चिमटा धरायचो ती कड आम्लाने धुतली आणि लूप गेला.

नंतर गणित केलं, ते आधी करायला हवं होतं. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा १० बाय १० मायक्रॉनचा एक थर घ्या. एकक पेशीचं क्षेत्रफळ ०.४१ चौरस नॅनोमीटर, पेशीत क्रोमियमचे दोन अणू, आघूर्ण ६ बोर मॅग्नेटॉन. सगळी बेरीज सुमारे १.४ गुणिले दहाचा उणे अकरावा घात ईएमयू (आघूर्णाचं एकक). चांगला स्क्विड दहाच्या उणे आठव्या घातापाशी थकतो. म्हणजे खरा एकथरी संकेत यंत्राच्या मर्यादेखाली शेकडो पटींनी, आणि तेवढंच आघूर्ण द्यायला लोखंडाचा २०० नॅनोमीटर बाजूचा कण पुरतो. चिमट्याने सोडलेले कण मायक्रॉनचे असतात. एका फ्लेकवरून स्क्विडमध्ये फेरोमॅग्नेटिझम दिसला असं कोणी म्हटलं तर नम्रपणे चिमट्याबद्दल विचारा. म्हणून या क्षेत्रात कर परिणाम, चुंबकीय वर्तुळी द्विवर्णता, रामन, दुसरी हार्मोनिक, डायमंडमधल्या नायट्रोजन-रिक्तिकेने केलेली मोजणी ही साधनं लागतात. ती संकेत फ्लेकवरूनच उचलतात. व्हॅनेडियम डायसेलेनाइडचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा: २०१८ मध्ये एका थरात खोलीच्या तापमानाला प्रबळ फेरोमॅग्नेटिझमचा दावा झाला, नंतर क्ष-किरण द्विवर्णतेने शोधणाऱ्या गटांना तो मिळाला नाही आणि चार्ज-डेन्सिटी वेव्हचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेत पडणाऱ्या लाटांचा, मुद्दा पुढे आला.

क्रोमियम ट्रायआयोडाइडने सुरुवात करू नका. ते हवेत, विशेषतः उजेडात, पाण्याच्या वाफेशी काही मिनिटांत बिघडतं. ग्लोव्हबॉक्सबाहेर मायक्रोस्कोपचा दिवा लावून बघत बसलात तर आधी कडा फिकट होतात, मग जिथे फ्लेक होता तिथे थेंब दिसतात. ऑक्सिजन आणि पाणी एक पीपीएमच्या खाली, बोरॉन नायट्राइडमध्ये दोन्ही बाजूंनी गुंडाळलेला नमुना, ही शिस्त अंगवळणी पडायला वर्ष जातं, आणि पहिलं वर्ष त्यात घालवणं मनाला फार लागतं.

माझी निवड क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड. हवेत टिकतं, जाड स्फटिकाचं नील तापमान १३२ केल्व्हिन, एका थराचं क्युरी तापमान त्याहून वर, १४६ च्या आसपास. स्पिन पातळीत एका ठरावीक अक्षावर असतात, त्यामुळे नेहमीची ध्रुवीय कर मांडणी इथे आंधळी आहे. हे आधी माहीत नसेल तर महिना वाया जातो. पण ते अर्धवाहक आहे, आणि थरांची चुंबकीय मांडणी बदलली की एक्सायटॉनची (प्रकाशाने तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉन-होल जोडीची) ऊर्जा सरकते. म्हणजे साध्या प्रकाशाच्या वर्णपटातून चुंबकत्व वाचता येतं. विद्युतमापनाची आवड असेल तर लोह जर्मेनियम टेल्युराइड: धातू आहे, जाड स्फटिक २२० केल्व्हिनच्या आसपास, एक थर १३० च्या आसपास, आणि विसंगत हॉल परिणाम थेट व्होल्टमीटरवर. खोलीच्या तापमानाचा आग्रह असेल तर त्याचं गॅलियमवालं भावंड ३५० केल्व्हिनच्या पुढे जातं. मँगनीज बिस्मथ टेल्युराइडकडे तेव्हाच वळा जेव्हा तुमच्या शेजारी स्फटिक वाढवणारा चांगला माणूस असेल आणि तो तुमचे फोन उचलत असेल. क्रायोस्टॅट विकत मिळतो, तो माणूस मिळत नाही.

लेझरची शक्ती काही मायक्रोवॅटवर ठेवा. कर मापनात क्युरी तापमान कमी दिसलं तर आधी शक्ती निम्मी करून पुन्हा मोजा. बहुतेक वेळा फ्लेक तापलेला असतो आणि थर्मामीटर त्याच्यापासून दोन सेंटिमीटर लांब असतो. आणि नवा नमुना बसवताना त्याच वेफरचा, त्याच चिमट्याने धरलेला रिकामा तुकडा बाजूच्या डबीत ठेवत जा. आमच्याकडे त्या डबीवर त्या विद्यार्थिनीचं नाव लिहिलेलं आहे.